मराठी वर्गातलं पहिलं इंग्रजी: फोनिक्स आणि व्याकरणाचा आढावा

२००० सालच्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या त्या निर्णयावर मोठा वाद झाला. सहा वर्षांच्या मुलावर परक्या भाषेचं ओझं कशाला, असं एक बाजू म्हणत होती. शहरातली मुलं केजीपासून इंग्रजी शिकतात, मग खेड्यातल्या मुलाने पाचवीपर्यंत थांबायचं का, असं दुसरी बाजू विचारत होती. दोन्ही बाजूंचं बोलणं मुलाच्या वयाभोवती फिरत राहिलं. पहिलीच्या बाईंनी फळ्यावर आधी काय लिहायचं, तोंडाने काय म्हणायचं आणि मुलांकडून काय म्हणवून घ्यायचं, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. आज पाव शतकानंतर तोच प्रश्न 'फोनिक्स' या नावाने पुन्हा पुढे आला आहे. तालुक्याच्या गावातही फोनिक्सच्या क्लासचे फलक लागतात, बालवाड्यांच्या माहितीपत्रकांत तो शब्द ठळक छापलेला असतो, आणि आपल्या मुलाला ते मिळत नाही म्हणून पालक अस्वस्थ होतात.

अस्वस्थतेला कारण आहे. 'असर' या ग्रामीण भारताच्या पाहणीनुसार २०१६ साली पाचवीतल्या २४.७ टक्के मुलांना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता येत होती. २०२२ साली हे प्रमाण २४.५ टक्के होतं, म्हणजे सहा वर्षांत काहीही हललं नाही. आठवीत ते ४६.७ टक्के होतं. आठ वर्षं शाळेत काढूनही निम्म्याहून अधिक मुलं सोप्या वाक्यापाशी अडतात. हे आकडे देशाचे आहेत, पण मराठी शाळेत वावरलेल्या कोणालाही ते परके वाटणार नाहीत.

फोनिक्स हा यावरचा उपाय आहे का? काही अंशी आहे. पण ज्या रूपात तो आपल्याकडे विकला जातो आहे, त्या रूपात तो आपल्या मुलांसाठी बनलेलाच नाही. याचं कारण समजायला आधी थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडची जुनी पद्धत सर्वांना ठाऊक आहे: "सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर." यात अक्षरांची नावं, शब्दाचा उच्चार आणि मराठी अर्थ एका दमात म्हटले जातात. दोष असा की अक्षरांच्या नावांवरून उच्चार निघत नाही. सी, ए, टी कितीही भराभर म्हटलं तरी त्यातून 'कॅट' तयार होत नाही. 'एच'च्या नावात ह ऐकू येत नाही, 'डब्ल्यू'च्या नावात व नाही, आणि 'जी'च्या नावात ज आहे पण 'गोट' शब्दात ग. त्यामुळे प्रत्येक शब्द सुटा पाठ करावा लागतो, आणि न शिकवलेला शब्द समोर आला की मूल गप्प होतं. तरी या पद्धतीची एक बाजू भक्कम होती. शब्दाबरोबर अर्थ यायचा. नव्या पद्धती आणताना आपण नेमकी तीच बाजू सोडून दिली, याची मला खंत वाटते.

फोनिक्समध्ये अक्षराच्या नावाऐवजी त्याचा ध्वनी आधी शिकवतात. इंग्रजीची अक्षरं २६ आणि ध्वनी साधारण ४४, त्यामुळे काही ध्वनींना दोन-दोन अक्षरं लागतात. मूल ध्वनी ओळखतं, मग ते जोडून शब्द वाचतं, आणि शब्द फोडून लिहितं. स्यू लॉइड आणि सारा वर्नहॅम यांच्या १९९२ पासून प्रसिद्ध झालेल्या 'जॉली फोनिक्स'मध्ये असे ४२ ध्वनी सात गटांत लावले आहेत. पहिल्या गटात एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरं येतात, कारण तेवढ्यांतूनच पुष्कळ छोटे शब्द बनतात. अक्षरांचा क्रम मुलाच्या सोयीने बदलण्याची ही युक्ती आपल्याला नवी नाही. पाटीवर 'गमभन' गिरवणारी आपली परंपरा तेच करत होती, फक्त तिथे हाताच्या वळणाची सोय पाहिली होती. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवत त्याचा ध्वनी म्हणायचा, ही माँटेसोरींची रीतही १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघामुळे, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या कामातून, आपल्या बालवाड्यांत केव्हाच पोचली होती.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्या देशांत या पद्धतीवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडण चाललं. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी शाळा अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला शिकवत होत्या. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी त्यावर 'व्हाय जॉनी कान्ट रीड' हे घणाघाती पुस्तक लिहिलं. १९६७ साली जीन चॉल यांनी तोवरचं संशोधन तपासून ध्वनीवर भर देण्याच्या बाजूने कौल दिला, आणि त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी उलट मांडणी केली: वाचणारा माणूस संदर्भावरून अंदाज बांधत पुढे जातो, त्याला प्रत्येक अक्षर लागत नाही. या विचारातून 'होल लँग्वेज' चळवळ उभी राहिली. गोष्टींची पुस्तकं वर्गात आणण्याचं तिचं काम मोलाचं होतं, पण अडलेल्या शब्दापाशी चित्र बघून अंदाज करायला शिकलेली अनेक मुलं चित्रं नसलेल्या पुस्तकापाशी थांबली. २००० साली अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने आणि २००६ साली इंग्लंडमध्ये जिम रोझ यांच्या अहवालाने पद्धतशीर फोनिक्सला पाठिंबा दिला. २०१२ पासून इंग्लंडमध्ये पहिलीच्या वयाच्या प्रत्येक मुलाची फोनिक्स चाचणी होते. पहिल्या वर्षी ५८ टक्के मुलं अपेक्षित पातळीवर होती, २०१९ साली ८२ टक्के. तरी वाद मिटलेला नाही. जेफ्री बॉवर्स यांच्यासारखे संशोधक पुरावा सांगितला जातो तेवढा निर्विवाद नाही, असं आजही म्हणतात. मला या वादाचा निष्कर्ष असा दिसतो: अक्षर आणि ध्वनी यांचं नातं उघडपणे, क्रमाने शिकवलं तर अधिक मुलं वाचू लागतात; मात्र तेवढ्यावर वाचन पुरं होत नाही.

इंग्रजीलाच हा एवढा वाद का लागतो, तर तिच्या लिपीमुळे. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना आणला आणि स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, पण त्याच शतकांत भाषेतले दीर्घ स्वर बदलत राहिले. लिहिणं एका काळचं आणि बोलणं दुसऱ्या काळचं, अशी फारकत झाली. २००३ साली फिलिप सिमूर आणि सहकाऱ्यांनी १३ युरोपीय भाषांतल्या मुलांचं वाचन तपासलं. ग्रीक, फिनिश, इटालियन मुलं पहिल्या वर्षाच्या शेवटी ओळखीचे शब्द जवळपास बिनचूक वाचत होती. स्कॉटलंडमधली इंग्रजी बोलणारी मुलं त्याच टप्प्यावर ३४ टक्के. आपल्या मुलाचं इंग्रजी वाचन मराठीपेक्षा मागे पडलं म्हणून रागावणाऱ्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पण इंग्रजी लिपी अगदीच बेभरवशाची आहे असंही नाही. १९६६ साली स्टॅनफर्डमध्ये पॉल हॅना यांच्या गटाने १७,००० हून अधिक शब्द तपासले, तेव्हा निम्म्या शब्दांचं स्पेलिंग निव्वळ ध्वनीच्या नियमांनी बरोबर आलं आणि आणखी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक शब्दांत एकच चूक राहिली. म्हणजे नियम शिकवण्यात अर्थ आहे, अपवाद पाठ करावेच लागतात, आणि अपवादी शब्दातलीही बहुतेक अक्षरं नियमानेच वागतात.

आता मूळ अडचणीकडे येऊ. लंडनमधलं पाच वर्षांचं मूल शाळेत येतं तेव्हा त्याच्या कानात हजारो इंग्रजी शब्द असतात. त्याने क्, ॲ, ट् हे ध्वनी जोडले की त्याला घरातलं मांजर सापडतं. वाशीम किंवा चंदगडच्या मुलाने तेच ध्वनी तितक्याच अचूकपणे जोडले तर त्याच्या हाती फक्त एक आवाज लागतो. इंग्लंडच्या त्या चाचणीत ४० शब्द असतात. त्यांतले २० मुद्दाम बनवलेले, अर्थहीन असतात, म्हणजे मुलाला पाठांतराचा आधार घेता येऊ नये. आपल्या मुलासाठी ते सगळे ४० शब्द अर्थहीनच असू शकतात.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून भाषा समजण्याची क्षमता. ही बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही असो, उत्तर शून्यच येतं. जुन्या पद्धतीत पहिली बाजू शून्याजवळ होती, आणि इथे आयात केलेल्या फोनिक्समध्ये दुसरी आहे. अमेरिकेच्या २००० सालच्या अहवालाने इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या मुलांचा प्रश्न हातातच घेतला नव्हता. तो घेतला २००६ सालच्या डायन ऑगस्ट आणि टिमथी शनहन यांच्या समितीने. तिचं म्हणणं असं की अशा मुलांनाही ध्वनी-अक्षराचं शिक्षण लाभतं, शब्द उच्चारून वाचण्यात ती इतरांच्या बरोबरीला येतात, पण बोली इंग्रजी कच्ची असेल तर मजकूर समजण्यात मागे राहतात. आपल्या 'असर'चा २०२३ सालचा अहवाल १४ ते १८ वयाच्या मुलांबद्दल हेच सुचवतो. ५७.३ टक्के मुलांनी इंग्रजी वाक्यं वाचली, आणि वाचणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला नाही. अमेरिकेत शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालवणाऱ्यांना हाच अनुभव उलट बाजूने येतो: घरात मराठी कानावर पडत नसेल तर मूल बाराखडी शिकून देवनागरी खडखडीत वाचतं आणि वाचलेलं त्याला कळत नाही.

म्हणून मराठी वर्गात फोनिक्सच्या आधी कानाचं काम हवं. उठा, बसा, दार लाव, पेन्सिल दे, अशा हालचालींच्या सूचना; पुन्हा पुन्हा सांगितलेल्या त्याच चार-पाच गोष्टी; बडबडगीतं. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी शाळांसाठी 'वी लर्न इंग्लिश' हा श्राव्य कार्यक्रम याच विचाराने तयार केला. बाईंचं इंग्रजी बेताचं असलं तरी रेडिओवरचा आवाज मुलांशी बोलतो, मुलं उत्तर देतात, आणि मराठीचा आधार सुटत नाही. फिजीमधल्या खेड्यांतल्या शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी याच दिशेने मोठा प्रयोग केला होता, तो १९८३ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी नाही अशा चौथी-पाचवीच्या वर्गांत त्यांनी चित्रमय गोष्टींची इंग्रजी पुस्तकं भरपूर दिली. नेहमीच्या धड्यांनी शिकणाऱ्या मुलांच्या तुलनेत ही मुलं वाचनात जवळजवळ दुप्पट वेगाने पुढे गेली. तिथे महागडा संच नव्हता, पुस्तकं होती आणि ती वाचायला दिलेला वेळ होता.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कोणी बोलत नाही. मराठी मूल इंग्रजीच्या तासाला रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्याकडे देवनागरी असते, आणि ती मुळातच ध्वनींची लिपी आहे. आपली वर्णमाला तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेली आहे: क-वर्ग मागे कंठाशी, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांशी. परदेशी संचांत ओठ-जिभेची चित्रं देऊन जे समजावतात, ते आपली मुलं पहिलीतच घोकतात. फक्त 'प म्हणताना ओठांचं काय होतं, आरशात बघ' असं त्यांना कोणी सांगत नाही.

अर्थात देवनागरी आणि रोमन लिपीत एक मोठा फरक आहे. आपलं अक्षर व्यंजन आणि स्वर मिळून बनतं. 'क' म्हणजे क् आणि अ. मुलाचा कान अक्षरावर थांबतो, त्याच्या आत शिरत नाही. भेंड्या खेळताना आपण शेवटचं अक्षर पकडतो, शेवटचा ध्वनी नाही. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतल्या मुलांच्या अभ्यासातून २००७ साली दाखवलं की अक्षर-लिपी शिकणाऱ्या मुलांचं अक्षरज्ञान पुरं व्हायला कित्येक वर्षं लागतात आणि सुटा ध्वनी ऐकू येण्याची जाणही हळूहळू येते. इंग्रजी वाचायला ही जाण सुरुवातीलाच लागते. म्हणून पहिलीत, मराठीच्याच तासाला, मराठी शब्दांवर हे काम व्हायला हवं. 'माकड'मधला पहिला आवाज कोणता? 'म' नाही, 'म्'. 'मी', 'मोर', 'मूल' यांत कोणता आवाज सारखा आहे? भेंड्यांचा नियम एक पायरी खाली आणून शेवटच्या ध्वनीवर खेळता येतो. यासाठी इंग्रजी लागत नाही, पैसा तर मुळीच लागत नाही.

आणि यासाठी लागणारं चिन्ह आपल्या गुरुजींच्या तोंडी आहेच: अक्षराचा पाय मोडणं. फोनिक्सच्या वर्गांत सर्रास दिसणारी चूक इथेच सुधारता येते. शिक्षिका 'बी'चा ध्वनी 'ब' असा पूर्ण म्हणतात, टीचा 'ट'. मग मूल ब-ॲ-ट जोडताना 'बअॅटअ' असं काहीसं म्हणतं आणि शब्द हाती लागत नाही. फळ्यावर ब् आणि ट् लिहिलं, आणि सुटा ध्वनी म्हणायची सवय मराठी शब्दांच्या शेवटावरून लावली, तर अडचण सुटते. 'घर' आपण लिहितो पूर्ण र ने, बोलतो र् ने. 'पाप'चा शेवट म्हण, 'भात'चा शेवट म्हण, 'नाक'चा शेवट म्हण, असं विचारलं की मूल निखळ व्यंजन आपसूक म्हणतं.

इंग्रजीत अक्षरं एका क्रमाने आणि आवाज दुसऱ्या क्रमाने येतात याचं मुलांना नवल वाटेल, अशी भीती असते. 'कॅप'च्या शेवटी न बोलणारा 'ई' लावला की 'केप' होतं; मागे बसलेलं अक्षर पुढच्या स्वराला बदलतं. पण 'कि' लिहिताना आपलं मूल ऱ्हस्व वेलांटी आधी काढतं आणि तिचा आवाज नंतर करतं. 'सूर्य'मधला र् य च्या आधी बोलतं आणि त्याच्या डोक्यावर लिहितं. एका अक्षराला दोन आवाज असतात हेही त्याला माहीत आहे: 'चार'चा च वेगळा, 'चाक'चा च वेगळा, 'जीभ' आणि 'जाड' यांतले ज वेगळे. 'सी' कधी क् आणि कधी स् होतो, हे पटवायला यापेक्षा चांगली उदाहरणं कोणती? मराठी वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना २००९ सालच्या शासन निर्णयाने अधिकृत जागा मिळाली, त्यामुळे 'कॅट', 'कॉट', 'कोट', 'काइट' ही सगळी देवनागरीत नीट वेगळी दाखवता येतात.

जिथे मराठी कान खरोखर अडतो, ती ठिकाणं मोजकी आहेत आणि शिक्षकांना ती आधीच ठाऊक असायला हवीत. जी-ई-टी आणि जी-ए-टी-ई हे दोन्ही शब्द आपण 'गेट' असेच म्हणतो. काळ्या मिरीचं 'पेपर' आणि कागदाचं 'पेपर' आपल्या तोंडी एकच. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही व. जहाजाचं 'शिप' आणि मेंढीचं 'शीप' यांतलं अंतर आपण लिहिताना पाळतो, बोलताना बरेचदा नाही. याउलट टी आणि टी-एच यांचं आपल्याकडे छान जमतं: ट आणि थ. तो इंग्रजांचा थ नाही, पण मुलाला स्पेलिंगमधला फरक त्यावरून पक्का कळतो. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी इतरांना कितपत समजते याचा अभ्यास केला, तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आपल्याकडच्या जाणकारांचा कल बोलणं समजण्याजोगं असावं याकडे आहे, विलायती नक्कल करण्याकडे नाही. मला तो योग्य वाटतो. लंडनचे र गिळणारे उच्चार नाशिकच्या बालवाडीत गिरवून घेण्यात मुलांचा वेळ जातो, आणि बाईंचा स्वतःच्या उच्चारावरचा विश्वासही.

व्याकरणाची गोष्ट वेगळी, कारण तिथे आपण टंचाईने नाही तर अतिरेकाने बिघडवलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर होता. शब्दांच्या आठ जाती आपण आजही त्या साच्यानेच शिकतो. पुढे दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी मराठी घरांत इंग्रजी पोचवलं, नियम आणि भाषांतर यांच्या जोरावर. प्रौढ, हौशी, अभ्यासू वाचकाला त्या पुस्तकांनी खरंच इंग्रजी दिलं. पण तीच रीत आठ वर्षांच्या मुलांवर आली तेव्हा उरलं फक्त घोकणं: नाउन कशाला म्हणतात, टेन्स किती, गाळलेल्या जागी 'ए', 'ॲन', 'द' भरा. स्वातंत्र्यानंतर वाक्यरचनांचे साचे ठरावीक क्रमाने घटवून घेणारी पद्धत आली, तिने बोलणं वर्गात आणलं, पण पोपटपंचीही आणली. तिला उत्तर म्हणून एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत प्रयोग केला. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवला; मुलांनी आगगाडीचं वेळापत्रक वाचून कोडी सोडवायची, नकाशावर वाट शोधायची, आणि ते करताना इंग्रजी वापरायचं. बेरेटा आणि डेव्हिस यांनी नंतर केलेल्या तपासणीत ही मुलं भाषा समजून वापरण्यात पुढे होती; सुट्या रचनांच्या चाचणीत नेहमीच्या वर्गातली मुलं पुढे होती. जे घटवलं ते जमलं, इतका हा निकाल सरळ आहे. मुलांना काय जमायला हवं आहे, ते मात्र आपणच ठरवायचं आहे.

मुलं व्याकरण कोणत्या क्रमाने आत्मसात करतात याचाही अभ्यास झाला आहे. हायडी डुले आणि मरीना बर्ट यांनी १९७४ साली स्पॅनिश आणि चिनी मुलांचं इंग्रजी तपासलं. क्रियापदाला लागणारं 'आयएनजी' लवकर येतं, 'ही', 'शी'नंतर क्रियापदाला लागणारा 'एस' फार उशिरा येतो, असा क्रम दोन्हीकडे मिळताजुळता निघाला. पुढच्या संशोधकांनी दाखवलं की मातृभाषा हा क्रम हलवते. ज्यांच्या भाषेत आर्टिकल नाही त्यांना ते जड जातं. मराठीत ते नाही. म्हणून तिसरीच्या मुलाने 'ही गो' लिहिलं किंवा 'द' विसरला तर तो आळशी ठरत नाही, तो वाटेवर आहे. लाल पेनने वही रंगवून तो क्रम बदलत नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांतही व्याकरणाच्या सुट्या पाठांनी लेखन सुधारतं का, याबद्दल १९६३ च्या ब्रॅडक अहवालापासून संशोधक साशंक आहेत.

तरी व्याकरण नकोच, असं मी म्हणणार नाही. मराठी मुलांच्या काही चुका मराठीतूनच येतात, आणि मराठीतूनच त्या समजावता येतात. आपली कितीतरी वाक्यं 'आहे'ने संपतात, म्हणून मूल 'आय ॲम गो' म्हणतं. आपलं क्रियापद शेवटी असतं. आपण 'टेबलाखाली' म्हणतो, खाली हा शब्द मागून चिकटतो. इंग्रजीत 'अंडर' पुढे उभा राहतो. प्रश्न विचारताना आपण शेवटी 'का' लावतो, इंग्रजी 'डू' आणून वाक्याच्या तोंडाशी ठेवतं. ही तुलना चौथी-पाचवीच्या मुलांना मनापासून आवडते, कारण त्यात त्यांना माहीत असलेली भाषा उपयोगी पडते. सी. जे. डॉडसन यांनी १९६७ साली मांडलेल्या द्विभाषिक पद्धतीचा आधार हाच होता: मातृभाषेतून अर्थ एकदा स्वच्छ सांगा, आणि वाचलेला वेळ इंग्रजी बोलण्याला द्या. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलल्याबद्दल मुलांना दंड करणाऱ्या शाळा या साधनावरच पाणी सोडतात. पहिली ते तिसरी नुसती बोलती वाक्यं, चौथीपासून मराठी व्याकरणाशी जोडून इंग्रजी रचना, आणि पारिभाषिक नावं त्याच्याही नंतर, हा क्रम मला रास्त वाटतो. मराठीच्या तासाला नाम, क्रियापद, विशेषण झालं असेल तर इंग्रजीच्या तासाला तीच कल्पना पुन्हा पहिल्यापासून का शिकवावी?

हे सगळं अखेर ज्या शिक्षकांवर येऊन पडतं, त्यांतले अनेकजण स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले आहेत. गेल्या दशकात राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या 'तेजस' प्रकल्पात काही जिल्ह्यांतल्या प्राथमिक शिक्षकांचे गट नियमित भेटून एकमेकांशी इंग्रजी बोलू लागले, पाठ एकत्र बसवू लागले. वर्षातून एकदा मोठ्या सभागृहात होणाऱ्या प्रशिक्षणापेक्षा हा मार्ग मला जास्त खरा वाटतो. धोरणांची दिशा मात्र एकसारखी नाही. २०२० चं राष्ट्रीय धोरण शक्यतो पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण सांगतं. २०२१ ची 'निपुण भारत' मोहीम तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं म्हणते. त्याच वेळी सेमी-इंग्रजीचा आग्रह खालच्या वर्गांत उतरतो आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा निर्णय झाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. त्या गदारोळातही पुन्हा चर्चा झाली ती कोणती भाषा आणि कितवीपासून, एवढ्याचीच.

बदल करायचा तर सुरुवात मूल्यमापनापासून करावी लागेल, कारण जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं. पहिली-दुसरीत स्पेलिंगं लिहवून घेण्याऐवजी ऐकून कृती करता येते का, आणि मराठी शब्दांतले ध्वनी सुटे करता येतात का, एवढंच पाहावं. तिसरीत मुलाच्या हातात न शिकवलेली, आठ-दहा वाक्यांची, ओळखीच्या शब्दांची इंग्रजी गोष्ट द्यावी. त्याने ती मोठ्याने वाचावी, आणि मग पुस्तक मिटून ती आपल्या मराठीत सांगावी. वाचण्याचे गुण वेगळे आणि सांगण्याचे वेगळे नोंदवले, तर कोणत्या मुलाला ध्वनींचा सराव हवा आणि कोणाला गोष्टी ऐकवायला हव्यात, हे बाईंना पुढच्याच आठवड्यात कळेल.